आम्ही मनाने तिथेच आहोत

बाबांच्या अक्षराची कीर्ती प्रथम पाण्यामुळे झाली. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात ते पत्रव्यवहार पाहत. पाणी येत नाही, आले तर गढूळ येते, येते तेही भलत्या वेळी, अशा तक्रारींना उत्तरे धाडण्याचे काम त्यांच्याकडे होते. टेबलावर टंकलेखन यंत्र असूनही ते उत्तर हाताने लिहीत. ‘आपले पत्र पावले. मजकूर वाचून मन विषण्ण झाले. पाण्यावाचून घरात किती अडते, हे का आम्ही जाणत नाही? योग्य ती व्यवस्था सत्वर करण्याचा मानस आहे. कळावे. लोभ आहे तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती.’ लोक ही पत्रे जपून ठेवीत. एका दंतवैद्याने तर आपल्याला आलेले पत्र चौकटीत बसवून दवाखान्यात टांगले होते. त्याच्या गल्लीत पाणी पुढे कित्येक महिने आले नाही, पण तक्रार मात्र पुन्हा कोणी केली नाही. इतक्या गोड माणसाशी भांडायचे कसे?

हा किस्सा बाबा स्वतःच रंगवून सांगत आणि शेवटी पोट धरून हसत. अनूही हसे. त्यात हसण्यासारखे नेमके काय आहे, हा प्रश्न तिला बरीच वर्षे पडला नाही.

अक्षर होतेच तसे. शाळेतल्या कित्त्यासारखे सुबक ते मुळीच नव्हते. शिरोरेघ सरळ न जाता प्रत्येक शब्दावर किंचित उचलली जाई, जणू त्या शब्दाने भुवई वर केली आहे. त्यांचा ‘ळ’ नाकावरून घसरलेल्या चष्म्यासारखा दिसे. दीर्घ वेलांटी छत्रीच्या मुठीसारखी वळून खाली उतरे. पूर्णविरामाला ते ठिपका देत नसत, एक इवलेसे वर्तुळ काढीत. त्यामुळे त्यांचे रागाचे वाक्यसुद्धा बुडबुडा सोडून संपे. अनू सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हा तळहातावर मावेलसा तो जीव पाहून ते म्हणाले होते, ‘‘ही तर निव्वळ अनुस्वार आहे.’’ त्याचेच पुढे अनू झाले. कुठल्या तरी भारदस्त नावाचे हे लाडके रूप असावे, अशी लोकांची समजूत होई आणि ती कोणी खोडून काढत नसे.

अशा बापाची मुलगी अक्षरांच्या धंद्यात शिरली, यात नवल नव्हते. अनू शुभेच्छापत्रे छापणाऱ्या एका कंपनीत अक्षररचनेचे काम करी. एके दिवशी तिथल्या विभागप्रमुख बाई वैतागून म्हणाल्या, ‘‘लोक या गुळगुळीत फॉन्टांना विटलेत गं. हात दिसला पाहिजे, हात. कुणाचा तरी खराखुरा हात.’’

‘‘आहे माझ्याकडे,’’ अनू म्हणाली. तिला त्या क्षणी वाटलेला अभिमान पुढे अनेकदा आठवला.

फॉन्ट करायचा, तर लिखाण पुष्कळ हवे. कार्यालयातली पत्रे पाण्याच्या तक्रारदारांकडे विखुरली होती. राहिली आत्याकडची. बाबांची आई, म्हणजे अनूची आजी, शेवटची दोन-अडीच वर्षे आत्याकडे अंथरुणाला खिळून होती, आणि त्या काळात बाबांनी तिला दर आठवड्याला पत्र पाठवले होते. आजी गेल्यावर आत्याने बाबांशी बोलणे टाकले. का, हे घरात कोणी सांगत नसे. ‘‘मानी आहे ती,’’ एवढेच बाबा म्हणत आणि विषय मिटवत. अनू मात्र आत्याकडे अधूनमधून जाई. आत्या एकटी राही; घराच्या पुढच्या खोलीत कपडे आल्टर करून देई.

गठ्ठा मागायला अनू गेली, तेव्हा आत्या कुणाच्या तरी पँटची कंबर उसवत होती. ओठांत टाचण्या धरूनच ती बोलली. ‘‘अख्खा ने. कप्पा मोकळा होईल, बटणं ठेवायला.’’

‘‘तुला नकोत एकही?’’

‘‘मला पाठ आहेत.’’

हा अनूला जिव्हाळा वाटला. इतका, की फॉन्टचे नावही तिने तेच सुचवले. ‘जिव्हाळा’ तयार करताना तिने प्रत्येक अक्षराचे तीन-चार नमुने निवडले. म्हणजे तोच ‘क’ पुन्हा आला, तरी तो आधीच्या ‘क’ची नक्कल वाटू नये. काम पाहून बाई खूश झाल्या, आणि पत्रे चाळता चाळता त्यांचे लक्ष मजकुराकडे गेले. ‘‘अगं, वाक्यं तरी काय आहेत. अशी वाक्यं आता कोण लिहितं? हीच छापूया.’’

अशा रीतीने बाबांचे अक्षर आणि बाबांची वाक्ये एकत्र बाजारात आली. सर्वांत खपले ते आजारी माणसासाठीचे कार्ड. ‘औषध वेळेवर घ्यावे. उगाच जिवाला लावून घेऊ नये. देहाने दूर असलो, तरी आम्ही मनाने तिथेच आहोत.’ हे कार्ड हातोहात गेले. मग औषधांच्या दुकानांनी पिशव्यांवर तेच अक्षर घेतले, पाठोपाठ विमावाल्यांनी माहितीपत्रकांवर. बाबा फिरायला निघाले, की दुकानापुढे थबकत. ‘‘हे माझं अक्षर,’’ असे त्यांनी एका दुकानदाराला सांगितले, तर तो म्हणाला, ‘‘काका, तो फॉन्ट आहे.’’

‘‘असेल. फॉन्टाचा बाप मी.’’

घरी येऊन त्यांनी ते तीनदा सांगितले.

मग एका सकाळी आत्याच्या शेजारणीचा फोन आला. ती शाळेत शिक्षिका होती. बातमीसुद्धा तिने मुद्देसूद सांगितली. आत्या न्हाणीघरात पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते. परवा सकाळी ऑपरेशन ठरले होते, मात्र हृदय दुबळे असल्याने डॉक्टर हमी द्यायला तयार नव्हते.

अनूने बाबांना सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि तरी त्यांना नीट दिसेना, कारण डोळेच भरले होते.

‘‘माझी एवढीशी बहीण,’’ ते म्हणाले. धाकटी असूनही तिला ते ताईच म्हणत. ‘‘लगेच लिहितो.’’

‘‘लिहिताय कशाला? बसनं तीन तासांचा रस्ता आहे. चला की.’’

‘‘अगं, असं एकदम समोर जाऊन उभं राहणं बरं नव्हे. इतक्या वर्षांनी. तिला सोसायचं नाही. आधी शब्द पुढे जाऊ देत, मागून माणूस.’’

‘‘बाबा, परवा ऑपरेशन आहे तिचं.’’

‘‘म्हणूनच तर आज तू हे घेऊन जा. तिनं एकदा ‘दादा’ म्हटलं ना, की मी पायी येईन. तेवढंच ऐकायचं राहिलंय बघ माझं.’’

ते खरे होते. बाबांना दुसरे काही नको होते, आणि अनूलाही नको होते. आत्या टेबलावर जाण्याआधी या दोघांनी एकमेकांशी चार शब्द बोलावेत, एवढीच गोष्ट तिच्या मनात होती. पत्राने ते जमत असेल, तर पत्र.

बाबा लिहायला बसले. त्यांनी कागद उजेडासमोर धरून पारखला, पेनाची निब फडक्याने टिपली, आणि हवेत दोन-तीन वळणे घेऊन मगच हात टेकवला. अनू दाराला टेकून बघत राहिली. लहानपणापासून तिला हे दृश्य आवडे. बाबांची जीभ किंचित बाहेर येई, मान अक्षराबरोबर वळे, आणि ‘ळ’ आला की ते स्वतःशीच गालात हसत. बस चुकेल, ही आठवणही तिने करून दिली नाही.

‘चि. ताईस अनेक आशीर्वाद. तुझ्या दुखण्याचे वृत्त कळले आणि काळीज हलले. बालपणीचे ते दिवस डोळ्यांपुढून सरकतात. मध्यंतरी जो दुरावा आला, तो काळाचा महिमा म्हणायचा. झाले गेले विसरून जावे. धीर धरावा. आम्ही मनाने तिथेच आहोत. कळावे. लोभ असावा.’

बुडबुड्यांसारखी ती वर्तुळे काढून त्यांनी कागद फुंकरीने वाळवला. ‘‘बघ,’’ ते म्हणाले, ‘‘विरघळते की नाही.’’

*

रुग्णालयातली ती खोली दोघींची होती. दुसऱ्या खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आत्या पाठीमागे दोन उशा घेऊन अर्धवट बसली होती. पाय वजनाने ताणून धरला होता आणि त्यामुळे तिचा सगळा रोष तोंडात येऊन साठला असावा. शेजारची शिक्षिका खुर्चीत बसून सफरचंद चिरत होती.

‘‘आलीस,’’ आत्या म्हणाली. ‘‘हडकली आहेस. का कपडेच ढगळ घेतेस? त्या बाह्या आण माझ्याकडे, चार दिवसांनी. जगले तर.’’

‘‘असं काय बोलता,’’ शिक्षिका म्हणाली.

‘‘मग शिलाई आगाऊ घेऊ का?’’

अनू हसली, आणि तेव्हाच तिचे लक्ष खाटेजवळच्या कपाटाकडे गेले. पाण्याचा जग, औषधांची पिशवी, आणि त्यांना टेकवून ओळीने उभी केलेली कार्डे. चार-पाच तरी असतील. सगळी एकाच हातची. पिशवीसुद्धा त्याच हातची. उचललेल्या शिरोरेघा, घसरलेले चष्मे, छत्रीच्या मुठी. प्रत्येकावर तेच वाक्य.

‘‘किती मायेचं अक्षर आहे ना?’’ शिक्षिका कौतुकाने म्हणाली. ‘‘मी दुकानात बघितलं आणि म्हटलं, हेच न्यायचं. तर इथे येऊन पाहते, आधीच दोन होती. विमावाल्यानंही तेच आणलं, घ्या.’’

आत्याने चादरीची कड सरळ केली. तिने भावाविषयी शेजारणीला सांगितले नव्हते, हे अनूच्या ध्यानात आले.

शिक्षिका सफरचंदाच्या फोडी झाकून ठेवून शाळेला गेली. अनूने पिशवीतून लिफाफा काढला. आत्याने कागद उघडला, एक नजर टाकली, आणि हात लांब करून तो कार्डांच्या रांगेत उभा केला. घडीचा कागद उभा राहीना, तेव्हा तिने त्याला औषधाच्या बाटलीचा टेकू दिला.

‘‘आत्या, ते कार्ड नाही,’’ अनू म्हणाली. ‘‘हे बाबांनी स्वतः लिहिलंय. आज सकाळी. हाताने.’’

‘‘कळलं मला. शाईचा वास येतोय.’’

‘‘मग वाच ना नीट.’’

‘‘वाचलं. काळजाचं वाक्य आहे, बालपणाचं आहे, काळाचा महिमा आहे. तिथेच आहोत, हेही आहे.’’ तिने कार्डांकडे हनुवटी उडवली. ‘‘ते तर इथे सगळ्यांनीच लिहिलंय.’’

‘‘अगं, ती छापील आहेत.’’

‘‘बयो, छापील तू आत्ता केलीस. माझ्यासाठी ती पहिल्यापासूनच छापील होती.’’

आत्याने तिला सफरचंदाची फोड दिली. आपणही एक घेतली, पण खाल्ली नाही, हातात धरून ठेवली.

‘‘तुझी आजी माझ्याकडे होती,’’ ती म्हणाली, ‘‘तेव्हा टपालाचा दिवस तिला बरोबर कळायचा. बाकी काही कळत नसे. पत्र आलं, की मी वाचून दाखवायची. एकदा वाचून भागायचं नाही. तिला पुसून काढताना वाच, कूस बदलताना वाच. एका हातात भांडं आणि दुसऱ्या हातात तुझ्या बाबांचं पत्र, अशी मी उभी. ‘आम्ही मनाने तिथेच आहोत’ हे आलं, की ती दाराकडे बघायची. आणि मला म्हणायची, सरक जरा बाजूला, तो दिसत नाही मला.’’

शेजारच्या खाटेवरची बाई झोपेत खोकली. आत्या ते थांबेपर्यंत थांबली.

‘‘मी सरकायची. काय करणार?’’

‘‘तू बाबांना सांगितलं नाहीस?’’

‘‘शेवटी शेवटी फोन केले ना. एवढ्यात ये, म्हटलं. येतो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच पाणी होतं हो, खोटं नाही बोलणार. मग पत्र आलं. आई जाऊन दोन दिवस झाले होते तेव्हा. फोडून वाचलं. तेही सुंदर होतं.’’

‘‘मग ठेवलास कशाला तो गठ्ठा?’’

‘‘आईचा होता तो, माझा थोडाच. तिच्या उशाखाली असायचा. फेकवेना. तू मागितलास, मला वाटलं सुटले.’’ आता आत्या हसली. ते हसू काही बघण्यासारखे नव्हते. ‘‘मला काय माहीत, तू तो गावभर वाटशील? ही कार्डं बघ. प्रत्येकानं आपल्या पदरचे पैसे घालून माझ्या भावाची पत्रं मला आणून दिलीत. त्याला तिकीटसुद्धा लावावं लागलं नाही.’’

माफी मागावी असे अनूला वाटले, पण कशाची मागायची हे नेमके ठरवता येईना. पत्रे मागितल्याची, ती आवडल्याची, की ती लिहिली जाताना सकाळी दाराला टेकून बघत राहिल्याची.

‘‘तुझा दोष नाही,’’ आत्या म्हणाली. ‘‘अक्षर चांगलंच आहे त्याचं. लहानपणी पाटीवर माझं नाव लिहून द्यायचा, तर मी पुसायला द्यायची नाही कुणाला. माझं हे असं, कोंबडीच्या पायाचं. आईच्या औषधांच्या बाटल्यांवर मी सकाळ-रात्र लिहायची, तर डॉक्टर हसायचे.’’ तिने हातातली फोड बशीत परत ठेवली. ‘‘त्याला जाऊन सांग, विरघळायला वगैरे मी काही साखर नाही. पण ये म्हणावं. उद्या ये. इथे या खुर्चीत बस. बोलू नकोस वाटलं तर. मी बोलेन. दादा म्हणेन, जा, तेही म्हणेन. पण ये.’’

*

संध्याकाळी अनू घरी पोचली, तेव्हा बाबा दारातच उभे होते.

‘‘वाचलं? काय म्हणाली? कागद जाड वाटला का तिला?’’

‘‘ये म्हणाली.’’

बाबा खाली बसले. अनूने बाकीचे काही सांगितले नाही. सांगायचे ठरवून आली होती, पण त्यांचा चेहरा पाहून तिने गिळले. ‘‘उद्या तुम्ही या, खुर्चीत बसा, बोलला नाहीत तरी चालेल. ती दादा म्हणणार आहे, बाबा. स्वतः म्हणाली.’’

ते रडले. तोंडावर हात घेऊन, लहान मुलासारखे, आवाज करून. अनूने त्यांना पाणी दिले, त्यांची लहान बॅग काढली, सदरा-पायजमा, गोळ्या, मफलर भरला. सकाळची पहिली बस धरायची ठरली. बाबा प्रत्येक गोष्टीला ‘‘हो, हो’’ म्हणत होते. ती झोपायला गेली, तेव्हा तिला खूप दिवसांनी हलके वाटत होते.

सकाळी ती तयार होऊन बाहेर आली. बॅग दाराशी होती. बाबा टेबलाशी बसले होते, रात्रीच्याच कपड्यांत. समोर दोन लिफाफे होते.

‘‘चला बाबा, बस जाईल.’’

‘‘अनू, गुडघा फार धरलाय गं आज.’’

‘‘टॅक्सी करू.’’

‘‘आणि घसाही बसल्यासारखा आहे. ऑपरेशनच्या आधी तिला काही लागण झाली म्हणजे?’’

बाबा बोटाने टेबलावरचा शाईचा जुना डाग चोळत राहिले. तो जाणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होते.

‘‘त्या खोल्या मला सोसत नाहीत,’’ अखेर ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. त्यात कुठे वेलांटी नव्हती. ‘‘तो वास. नळ्या. माणूस आपल्याकडे बघतं, आणि मला काही सुचत नाही. आईकडे एकदा गेलो होतो. तू लहान होतीस. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला एक शब्द सुचला नाही, अनू. मी फळं ठेवली आणि निघून आलो. कागदावर सुचतं. कागद आपल्याकडे बघत नाही.’’

एवढे खरे वाक्य बाबांच्या तोंडून तिने कधी ऐकले नव्हते. तिने पुढे होऊन त्यांचा हात धरला. ‘‘मग हेच तिला सांगा. एवढंच. तिच्यासमोर बसून हेच सांगा.’’

क्षणभर तिला वाटले, ते उठतील. त्यांनी टेबलाची कडा धरलीही. मग त्यांची नजर लिफाफ्यांवर गेली आणि चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला, नीटनेटका आणि प्रेमळ.

‘‘हे दे तिला,’’ ते म्हणाले. ‘‘कालच्यापेक्षा चांगलं उतरलंय. आणि हा दुसरा तुझ्या बाईंसाठी. कार्डांना नवी वाक्यं हवीत म्हणाली होतीस ना? झोप येत नव्हती, म्हटलं लिहून टाकू. तुझं काम अडायला नको.’’

अनूने दोन्ही लिफाफे घेतले. बाबांची बॅग तिने दाराशीच राहू दिली.

बसमध्ये तिने आत्याचे पत्र उघडले. लिफाफा चिकटवलेला नव्हता. हातोहात पाठवायचे पत्र बाबा कधी चिकटवत नसत, शाईला वारा लागावा म्हणून. ‘चि. ताईस. तुझे बोलावणे पावले आणि धन्य वाटले. प्रकृतीस उतार पडताच भेटीस येण्याचा मानस आहे. तोवर हे पत्र म्हणजेच मी, असे समजावे. बाकी भेटीच्या वेळी.’ शेवटच्या ओळीतल्या ‘वेळी’ या शब्दात असा ‘ळ’ आला होता, जो तिच्या फॉन्टमधल्या कुठल्याही ‘ळ’पेक्षा सरस होता. दोन्ही काचा हलक्या, दांडी जराशी थरथरलेली, म्हाताऱ्या हाताची. तो आपल्याला दिसला आणि आवडला, याचा तिला इतका संताप आला, की तिने कागदाची घडी मोडून ती उलटी घातली, आणि उरलेला रस्ता तो मांडीवर दाबून धरून बसली.

आत्या जागी होती. तिचे केस कुणीतरी विंचरून घट्ट बांधले होते. खाटेजवळची खुर्ची पुसून पुढे ओढून ठेवलेली होती. अनू दारात दिसताच आत्याने तिच्या मागे पाहिले. दार सावकाश आपोआप मिटेपर्यंत ती पाहत राहिली.

मग तिने हात पुढे केला. ‘‘आण.’’

अनूने पत्र दिले. आत्याने ते या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. ओठ हलत होते. मोठ्याने वाचून दाखवण्याची जुनी सवय असावी.

‘‘हात थरथरायला लागलाय त्याचा,’’ ती म्हणाली. ‘‘अक्षर अजून छान आहे पण.’’

तिने कागदाची घडी केली आणि तो कार्डांच्या रांगेत ठेवला नाही, उशीखालीही ठेवला नाही. अनूच्या हातात परत दिला.

अनूने तोंड उघडले. धीराचे काही बोलावे, म्हणून तिने मनात एकेक वाक्य धरून पाहिले. आणि जे जे वाक्य हाताला लागे, ते उचललेल्या शिरोरेघेचे निघे, शेवटी इवलेसे वर्तुळ असलेले. एकही तिचे नव्हते.

‘‘बोलू नकोस काही,’’ आत्या म्हणाली. ‘‘पायावरची चादर सरकली आहे. तेवढी ओढ.’’

अनूने हातातले कागद कपाटावर टाकले आणि चादर ओढली. आत्याचे तळवे गार होते. तिने ते दोन्ही हातांत धरले आणि चोळू लागली.

‘‘जोरात चोळ,’’ आत्या म्हणाली आणि दाराकडे पाठ करता येत नव्हती, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.